भीमाशंकरचा शेकरू: दोन मॅनात किती द्यायचं?

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ १९९३ पासून चालू आहे, पण त्याची कार्डं मराठीत छापली गेलेली नाहीत. मराठी कार्ड हवं असेल तर ते घरीच बनवावं लागतं, स्लीव्हमध्ये घालावं लागतं, आणि टेबलावर भांडणं होऊ नयेत म्हणून आधी तपासून घ्यावं लागतं. इथे तपासायला घेतलेलं कार्ड असंच घरचं आहे. ३६० कार्डांच्या क्यूबमध्ये (ड्राफ्टसाठी, म्हणजे आळीपाळीने निवडून खेळण्यासाठी, स्वतः जमवलेला संच) आणि कमांडरच्या टेबलावर (सहसा चार जणांचा, १०० कार्डांच्या डेकचा खेळप्रकार), दोन्हीकडे चालावं म्हणून ते मांडलंय. मजकूर जसा आला तसा (मॅना म्हणजे कार्डाची किंमत, ती लँड कार्डांतून मिळते; क्रीचर म्हणजे लढणारं कार्ड; २/३ म्हणजे ताकद २ आणि टफनेस ३; रीच म्हणजे उडणाऱ्याला अडवता येणं; सॅक्रिफाइस किंवा सॅक म्हणजे टेबलावरचं आपलं कार्ड टाकून देणं; पान उचलणं म्हणजे डेकमधून एक कार्ड हातात घेणं):

भीमाशंकरचा शेकरू
किंमत: १ + एक हिरवा मॅना
लेजंडरी क्रीचर – स्क्विरल, २/३
रीच
लँड उतरवलं की एक फूड टोकन तयार करा.
दोन फूड सॅक्रिफाइस करा: एक पान उचला.

कल्पना झकास आहे. मॅजिकमध्ये स्क्विरल ही जुनी आणि लाडकी जात आहे: १९९९ चा डिरेंज्ड हर्मिट, २०२१ चा चॅटरफँग, २०२४ च्या ब्लूमबरोमधली काळ्या-हिरव्या खारींची अख्खी टोळी. त्यात महाराष्ट्राचा राज्यप्राणी नसावा हेच खटकत होतं. पण आहे तसं हे कार्ड टेबलावर आणू नये. बिघाड नेमका एका ओळीत आहे, आणि 'जरा कमी करा' म्हणणाऱ्यांचं बोट नेहमीप्रमाणे भलत्याच ओळीवर जाणार आहे.

ते बोट जाईल २/३ या आकड्यावर, म्हणून तो आधी निकालात काढू. पहिल्या संचातले ग्रिझली बेअर्स याच किमतीत २/२ आहेत, अंगावर एकही शब्द नाही. म्हणजे दोन किलोचा शेकरू अस्वलांपेक्षा चिवट ठरतो. हसायला ठीक आहे, पण अस्वलांशी तुलना करून आज काही कळत नाही. २००५ मध्ये रॅव्हनिका संचात वॉचवूल्फ आला, दोन मॅनात ३/३. त्याला हिरवा आणि पांढरा असे दोन रंग लागतात. २०१८ चा क्राउल हार्पूनर तर एकट्या हिरव्यात, याच किमतीत, ३/२ आणि रीच देतो, वर येताच उडणाऱ्या क्रीचरशी झुंजतो. त्या रांगेत २/३ रीच निमूटपणे बसतं. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर झेपावणाऱ्या आणि जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या प्राण्याला रीच शोभतंही. उडणाऱ्या २/२ ला तो अडवतो, लायटनिंग बोल्ट या मारणाऱ्या कार्डाच्या ३ डॅमेजने मरतो, स्वस्त क्रीचर मारणाऱ्या फेटल पुशनेही मरतो. दोन मॅनाच्या क्रीचरने असंच असावं. टफनेस ३ चा २ केला तरी या कार्डाचा धोका तसूभरही कमी होणार नाही, मग अंगाला हात कशाला लावायचा?

दुसरी ओळ, लँडमागे फूड. फूड म्हणजे एक आर्टिफॅक्ट टोकन: २ मॅना द्या, ते टॅप करून (आडवं करून) सॅक करा, ३ लाइफ मिळवा. लँड आलं की काहीतरी मिळायचं, ही हिरव्याची ठरलेली चाल. २००९ च्या लोटस कोब्रात मॅना मिळतो, २०१६ च्या टायरलेस ट्रॅकरमध्ये क्लू मिळतो (२ मॅना देऊन सॅक केलं की एक पान देणारं टोकन). फूड हे त्या दोघांपेक्षा हलकं बक्षीस आहे. नुसती ही ओळ असती तर कार्ड उलट जरा मवाळच म्हणावं लागलं असतं.

आता तिसरी ओळ. 'दोन फूड सॅक्रिफाइस करा: एक पान उचला' हे वाक्य नवीन नाही. थ्रोन ऑफ एल्ड्रेनमधल्या सॅव्ही हंटरच्या अंगावर ते शब्दशः आहे आणि त्याने कधी कुणाची झोप उडवली नाही. म्हणून ते इथे उचलून लावलं असावं. पण सॅव्ही हंटर तीन मॅनाचा आहे, त्याला काळा आणि हिरवा दोन्ही लागतात, आणि फूड कधी मिळतं? तो हल्ला करतो किंवा अडवतो तेव्हा. म्हणजे ३/३ अंग दरवेळी पणाला लावायचं, मग एक फूड. दोन पणांमागे एक पान. शेकरूला तीच मिळकत घरबसल्या मिळते: लँड टाकायचं, जे प्रत्येक जण तसंही टाकतोच. खालची ओळ घेतली आणि तिला धरून ठेवणारी वरची अट मागेच राहिली.

२०२३ च्या लॉर्ड ऑफ द रिंग्ज संचातला पेरेग्रिन टूक बघा. तोही एकरंगी हिरवा, तीन मॅनाचा, २/३ अंगाचा, आणि तो एका पानाला तीन फूड मागतो. ज्या कार्डावर फूड सहज तयार होतात तिथे भाव तीन लावला आणि जिथे कष्टाने होतात तिथे दोन, हा हिशेब छापणाऱ्यांनी केलेला दिसतो. शेकरूवर फूड टूकपेक्षाही सहज होतात, किंमत एक मॅनाने कमी, आणि भाव मात्र सॅव्ही हंटरचा.

आकडे मांडू. ६० कार्डांच्या डेकमध्ये २४ लँड, त्यात ८ फेचलँड धरा. फेचलँड म्हणजे स्वतःला सॅक करून डेकमधून दुसरं लँड आणणारं लँड. ते स्वतः आलं तेव्हा एक फूड, त्याने आणलेलं आलं तेव्हा दुसरं. दुसऱ्या टर्नला शेकरू, तिसऱ्या टर्नला फेचलँड: दोन फूड, एक पान, खर्च शून्य. टर्नचे तिन्ही मॅना अजून हातात. ट्रॅकर याच फेचलँडवर दोन क्लू देतो, म्हणजे दोन पानं, पण प्रत्येक क्लू फोडायला २ मॅना, एकूण ४. ट्रॅकरवाल्याला दर टर्नला ठरवावं लागतं की मॅना कार्ड खेळण्यात घालवू की क्लू फोडण्यात. ट्रॅकरची सगळी मजा, आणि सगळा तोलही, त्या ओढाताणीत आहे. शेकरूवाल्याला असं काही ठरवावंच लागत नाही.

अनुभवी हात तर दुसऱ्या टर्नला शेकरू टाकणारच नाही. तिसऱ्या टर्नपर्यंत थांबेल, दोन लँडवर शेकरू उतरवेल आणि त्यानंतर फेचलँड टाकेल. त्याच टर्नला दोन फूड आणि एक पान. क्रीचर आत्ताच आला असला तरी अडत नाही: आल्या टर्नला फक्त टॅपचं चिन्ह असलेली क्षमता वापरता येत नाही, आणि तिसऱ्या ओळीत ते चिन्हच नाही. एल्विश व्हिजनरी याच किमतीत १/१ अंग आणि येताच एक पान देते. वॉल ऑफ ब्लॉसम्स ०/४ अंग देते, पण हल्ला करू शकत नाही. शेकरू तेच पान २/३ रीचसोबत देतो, आणि पुढच्या प्रत्येक लँडवर दुकान चालूच ठेवतो.

याला उत्तर काय, तर बोल्ट मारायचा. पण कधी? खिडकी फार अरुंद आहे. फेचलँड आलं, पहिलं फूड झालं, खेळाडूने फेचलँड सॅक केलं आणि त्याची क्षमता स्टॅकवर आहे, म्हणजे अजून घडायची आहे: त्याच क्षणी बोल्ट मारला तर शेकरू मरतो, नंतर येणाऱ्या लँडवर फूड द्यायला कुणी उरत नाही, आणि समोरच्याकडे राहतं एकच फूड. एक क्षण उशीर झाला, दोन फूड टेबलावर आली, की बोल्टला उत्तर म्हणून तो दोन्ही फूड सॅक करून पान उचलतो आणि मग शेकरू खुशाल मरू देतो. तुमचं एक कार्ड गेलं, त्याचं शेकरू गेलं पण पान आलं. फुकट आणि कधीही वापरता येणाऱ्या क्षमतेचा हा ठरलेला त्रास आहे. अशा क्रीचरला मारूनही मारल्याचं समाधान मिळत नाही.

हे फार काळ चालतं का? इथे शेकरूची बाजू घ्यायला हवी. २४/६० म्हणजे ४० टक्के लँड. पहिल्यांदा खेळणाऱ्याने चौथ्या टर्नपर्यंत १० कार्डं पाहिलेली असतात, त्यात सरासरी ४ लँड. तोवर दर टर्नला लँड पडतं, पुढे सरासरी ०.४ वर येतं. तीनपैकी एक लँड फेच असेल तर लँडमागे सरासरी १.३३ फूड, म्हणजे उचललेल्या प्रत्येक पानामागे ०.५३ फूड, म्हणजे साधारण पाव पान परत. त्यामुळे साध्या डेकमध्ये हे इंजिन चौथ्या-पाचव्या टर्ननंतर आपोआप धापा टाकायला लागतं. पण एका टर्नला दोन-तीन लँड टाकू देणारी अझुसासारखी कार्डं शेजारी बसली की ही धाप निघून जाते. हिरव्या डेकमध्ये ती बसतातच.

थोडं मजकुराबद्दल, कारण घरच्या कार्डांची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. 'लँड उतरवलं की' म्हणजे नक्की काय? बोलताना आपण हातातून लँड टाकलं तरी 'उतरवलं' म्हणतो आणि फेचलँडने डेकमधून आणलं तरी 'उतरवलं' म्हणतो. नियमांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातातून टाकणं म्हणजे लँड खेळणं, आणि ते सहसा टर्नला एकदाच. रणांगणावर येणं मात्र कसंही, कितीही वेळा घडू शकतं. 'तुम्ही लँड खेळलं की' असं लिहिलं तर फेचलँडचं दुसरं फूड जातं, स्केपशिफ्ट आणि कल्टिव्हेट ही डेकमधून लँड आणणारी कार्डं दोन्ही बाद होतात, आणि कार्ड एका शब्दात निम्मं होतं. 'तुमच्या ताब्यात लँड रणांगणावर आलं की' असं लिहिलं तर वरचं सगळं गणित लागू होतं. इथे दुसरा अर्थ धरलाय, कारण बाकीची छापील लँडफॉल कार्डं (लँड आलं की काहीतरी देणारी) तशीच आहेत. पण कार्डावर 'उतरवलं' हा शब्द ठेवू नका, तिसऱ्याच टर्नला वाद होईल.

फुकट क्षमता किती महाग पडते याचं ताजं उदाहरण नादू, विंग्ड विझडम. मॉडर्न होरायझन्स ३ मध्ये जून २०२४ ला आला: तीन मॅना, ३/४, उडणारा. तुमच्या कोणत्याही क्रीचरवर कुणी स्पेलचा किंवा क्षमतेचा नेम धरला की डेकचं वरचं कार्ड उघडायचं. लँड असेल तर रणांगणावर, नाहीतर हातात. 'टर्नला फक्त दोनदाच' अशी मर्यादाही होती. पण ती मर्यादा नादूवर नव्हती, प्रत्येक क्रीचरवर वेगवेगळी होती. त्यात शुको नावाचं २००५ चं जुनं उपकरण, ज्याचा इक्विप खर्च (क्रीचरवर नेम धरून त्याला चढवण्याचा) शून्य. दहा क्रीचर, वीस पानं, मॅना शून्य. त्याच महिन्याच्या शेवटी ॲम्स्टरडॅमच्या प्रो टूरमध्ये नादूचा डेक विजेता ठरला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला मॉडर्न या खेळप्रकारात त्यावर बंदी आली. कार्ड बनवणाऱ्याने नंतर स्वतःच लिहिलं की शेवटचा मजकूर खेळून पाहिलाच गेला नव्हता, आणि शून्य मॅनाच्या क्षमता नजरेतून सुटल्या होत्या. ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे त्यांची ही गत, तर घरच्या कार्डावर शून्य खर्चाची ओळ दिसली की दहादा तपासलेली बरी. दुसरा धडा मर्यादेचा. 'टर्नला एकदाच' असं लिहायचं असेल तर ते कोणाला लागू आहे ते तपासा, आणि कमांडरमध्ये चार जणांचे चार टर्न असतात हेही धरा. दुसऱ्याच्या टर्नला फेचलँड फोडलं की 'टर्नला एकदा' पुन्हा मोकळं होतं.

कमांडरचं चित्र वेगळंच आहे. तिथे ९९ कार्डांच्या जोडीला शेकरू कमांडर म्हणून कायम हाताशी, दोन मॅनात, दर डावात. मेला तर पुढच्या वेळी ४, मग ६, तरी स्वस्तच. इथे त्याचा खरा साथीदार ॲकॅडमी मॅन्युफॅक्टर. तो तीन मॅनाचा रंगहीन आर्टिफॅक्ट क्रीचर आहे, त्यामुळे एकरंगी हिरव्यातही चालतो. क्लू, फूड किंवा ट्रेझर (सॅक केलं की एक मॅना देणारं टोकन) तयार होणार असेल तर त्याऐवजी तिन्ही एकेक तयार होतात. आता इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स हे फेचलँडसारखंच साधं लँड टाका, जे कॉमन आहे आणि हिरव्या डेकमध्ये सहज सापडतं. दोनदा लँड आलं: दोन क्लू, दोन फूड, दोन ट्रेझर. फूडचं एक पान फुकट, ट्रेझरच्या दोन मॅनात एक क्लू फोडून दुसरं पान, आणि एक क्लू शिल्लक. एका फुकटच्या लँडमागे हे. शेजारी पेरेग्रिन टूक बसवला तर प्रत्येक लँडवर दोन फूड होतात, म्हणजे प्रत्येक लँडला शेकरूचं एक पान. एका टेबलावर चार जण बसलेत आणि त्यातला एकच सारखी पानं उचलतोय, अशा डावात बाकीचे तिघे चहाला उठतात.

काही जोड्या ऐकायला भयानक वाटतात, त्यांना मात्र घाबरायचं कारण नाही. नाइट ऑफ द रेलिक्वेरी आणि रिट्रीट टू कोरलहेल्म ही जोडी डेकमधली सगळी लँड एका टर्नला उपसते. शेकरू तिथे असेल तर फूडचा डोंगर होतो, खरं आहे. पण ती जोडी शेकरूशिवायही डाव संपवतेच, नाइट तोवर अवाढव्य झालेला असतो. जे यंत्र तुमच्या कार्डाशिवाय जिंकतं त्याचा गुन्हा तुमच्या कार्डावर लावू नये. स्केपशिफ्टचंही तसंच. सात लँड सॅक करून सात आणली तर सात फूड, म्हणजे तीन पानं आणि एक फूड शिल्लक. चार मॅनाच्या कार्डाने एवढं करावं, काही बिघडत नाही.

मग दुरुस्ती. सगळ्यात आळशी उपाय म्हणजे किंमत वाढवणं. तीन मॅना केले की शेकरू थेट टायरलेस ट्रॅकरशेजारी जाऊन बसतो आणि त्याची ओळखच जाते. कमांडरमधला बिघाड तर तसाच राहतो, कारण तिथे एक मॅना जास्त हा काही अडथळा नाही. किंमत दोन हिरवे केली तर दुसऱ्या रंगाच्या डेकमध्ये त्याला सहज घुसता येणार नाही, एवढाच फायदा.

दुसरा उपाय टूकचा भाव लावणं, तीन फूड. हा वाईट नाही. फेचलँडशिवायच्या डेकमध्ये तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या टर्नच्या लँडवर मिळून एक पान येतं, आधी चौथ्यालाच आलं असतं. उतरवल्या टर्नला पान मिळणं बंद होतं. पण बोल्टला उत्तर म्हणून पान उचलण्याची युक्ती कायम राहते, मॅन्युफॅक्टरचीही राहते, फक्त जरा सावकाश.

तिसरा उपाय टॅपचं चिन्ह, आणि कौल यालाच. 'टॅप, दोन फूड सॅक्रिफाइस करा: एक पान उचला.' एका झटक्यात तीन गोष्टी होतात. आल्या टर्नला वापरता येत नाही, टर्नला एकदाच वापरता येतो, आणि कितीही फूड साठली तरी बोल्टच्या उत्तरात फार तर एकच पान. वाटतं असंही की रीचशी छान झुंज लागेल: झाडावर पहारा द्यायचा की फळ खायचं? कागदावर सुरेख दिसतं, पण टेबलावर ही झुंज लागतच नाही. शेकरू समोरच्याच्या टर्नला आधी अडवतो, अडवणारा नंतर टॅप केला तरी हल्ला करणारा अडवलेलाच राहतो, आणि टर्नच्या शेवटी शेकरू टॅप करून पान उचलतो. लगेच आपला टर्न येतो आणि तो परत अनटॅप. पहारा झाला आणि फळही खाल्लं. कमांडरमध्ये सीडबॉर्न म्यूज असेल तर प्रत्येक समोरच्याच्या टर्नला तो अनटॅप होतो, म्हणजे चार जणांत फेरीला चार पानं, फूड असतील तोवर.

म्हणून त्यापुढे एक शेपटी जोडावी लागते: ही क्षमता सॉर्सरी खेळता येईल तेव्हाच वापरा. आता आपल्याच टर्नला टॅप करावं लागतं, पुढच्या टर्नला समोरचा उडणारा क्रीचर घेऊन आला तर शेकरू आडवा पडलेला असतो. हल्लाही त्या टर्नला गेला. सीडबॉर्न म्यूजचा फायदा गेला, बोल्टच्या उत्तराची युक्तीही गेली. फुकट म्हणावी ती ओळ आता अंग मागते, मॅना मागत नाही. त्यामुळे मॅनाची अट वेगळी घालायची गरज उरत नाही. मॅन्युफॅक्टर अजूनही ट्रेझर आणि क्लू देईल, पण ती त्याची करामत. शेकरूचं पान टर्नला एकच, तेही फूड असतील तर. थाउजंड-इअर इलिक्सरसारखं, क्रीचर पुन्हा अनटॅप करणारं काही घालून आणखी एक पान कुणी काढलंच, तर त्याने त्यासाठी कार्ड आणि मॅना खर्च केलेला असतो. ते त्याला मिळू द्यावं.

दुरुस्त कार्ड असं:

भीमाशंकरचा शेकरू
किंमत: १ + एक हिरवा मॅना
लेजंडरी क्रीचर – स्क्विरल, २/३
रीच
तुमच्या ताब्यात लँड रणांगणावर आलं की एक फूड टोकन तयार करा.
टॅप, दोन फूड सॅक्रिफाइस करा: एक पान उचला. ही क्षमता सॉर्सरी खेळता येईल तेव्हाच वापरा.

एक गोष्ट उरते, तिचा आकड्यांशी थेट संबंध नाही. फूडमुळे डाव लांबतो. आता फूड पटापट पानांत बदलत नाहीत म्हटल्यावर ती साठतील, दोन मॅनाला ३ लाइफ या भावाने, आणि आक्रमक लाल डेकला भिंत वाटायला लागेल. ऑगस्ट २०२० मध्ये स्टँडर्ड या खेळप्रकारात फूडवर चालणाऱ्या कॉल्ड्रन फॅमिलिअरवर बंदी आली, तेव्हा तीच ती चाल पुन्हा पुन्हा करून डाव कंटाळवाणा होणं हीही त्याच्याबद्दलची तक्रार होती. शेकरू तिथवर जात नाही, तरी क्यूबमध्ये फूडवर जगणारी आणखी पाच-सहा कार्डं असतील तर त्यातली एक-दोन काढावीत. क्यूबमध्ये त्याचं स्थान रेअरचं, म्हणजे दुर्मीळ दर्जाचं. ड्राफ्टच्या ४० कार्डांच्या डेकमध्ये १७ लँड असतात, मारणारी कार्डं कमी असतात, आणि दुसऱ्या टर्नचा शेकरू सहाव्या टर्नपर्यंत एक-दोन पानं देऊन जातो. अनकॉमनला हे जास्त होतं. लेजंडरी ठेवायला हरकत नाही: एकाच नावाचं लेजंडरी टेबलावर आपल्याकडे एकच राहतं, त्यामुळे ६० कार्डांच्या डेकमध्ये चार प्रती घालणाऱ्याला दुसरी प्रत हातात अडते हाही एक छोटा लगाम आहे. सुरुवातीच्या सात कार्डांत चारपैकी एक तरी प्रत येण्याची शक्यता ३९.९ टक्के, तिसऱ्या टर्नपर्यंत (दुसऱ्यांदा खेळताना, १० कार्डं) ५२.८ टक्के. म्हणजे निम्म्या डावांत तो दिसणार आहे, हे धरूनच चाचणी करा.

चाचणी कशी करायची तेही सांगून टाकू, कारण 'दहा डाव खेळलो, सात जिंकलो' ही चाचणी नव्हे. २० डावांत नुसत्या नशिबाने येणारा फरकच साधारण ११ टक्के आहे. २० पैकी १२ जिंकले, यातून काहीही सिद्ध होत नाही. जिंकणं-हरणं मोजू नका, घटना मोजा. तीन प्रती करा: मूळ कार्ड, दुरुस्त कार्ड, आणि तुलनेसाठी एल्विश व्हिजनरी. कागदावर मजकूर लिहून बेसिक लँडवर ठेवला आणि स्लीव्हमध्ये सरकवला की पुरतं, फक्त तिन्ही स्लीव्ह एकाच पाकिटातल्या घ्या, नाहीतर पत्ते पिसताना जाडी हाताला कळते. दुरून खेळायचं असेल तर कॉकट्रिस या मोफत प्रोग्रॅममध्ये स्वतःची कार्डं घालता येतात. तो नियम लादत नाही, त्यामुळे नवा मजकूर चालवायला अडचण येत नाही, पण ट्रिगर (लँडमागच्या फूडसारखी आपोआप घडणारी क्षमता) विसरलात तर कोणी आठवण करून देणार नाही.

आधी दहा डाव एकट्याने, समोर कोणी नाही असं धरून, सहाव्या टर्नपर्यंत. चार आकडे लिहा: शेकरू कोणत्या टर्नला आला, किती फूड झाली, किती पानं आली, आणि त्यावर किती मॅना गेला. मूळ कार्डाच्या चौथ्या रकान्यात शून्यच शून्य दिसतील. मग समोर माणूस बसवा, पाच डाव जलद लाल डेकविरुद्ध, पाच उडणाऱ्या पांढऱ्या-निळ्या डेकविरुद्ध, पाच आपल्यासारख्याच हिरव्या डेकविरुद्ध, आणि पहिल्यांदा खेळणारा आलटूनपालटून बदला. इथे लिहायची गोष्ट एकच: शेकरू टेबलावर असताना त्याच्या मालकाला किती टर्नला खरोखर विचार करावा लागला. दुरुस्त कार्डात उडणाऱ्या डेकविरुद्ध 'आज पान उचलू की उभा ठेवू' हा प्रश्न जवळजवळ दर टर्नला यायला हवा. तो येत नसेल, लोक न बघता टॅप करत असतील, तर समोरच्या डेकमध्ये उडणारे क्रीचर कमी आहेत की शेकरू अजून जास्त देतोय, हे आधी बघा. जास्त देत असेल तर टॅपपुढे एक मॅना जोडा. अंग २/३ च राहू द्या.

शेवटी कमांडरचा एकच डाव, मुद्दाम घाणेरडा: मॅन्युफॅक्टर, टूक, अझुसा, इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स, टेरामॉर्फिक एक्सपान्स, सगळं घालून. फूड, क्लू आणि ट्रेझर यांना वेगवेगळ्या रंगाचे मणी वापरा, नाहीतर सातव्या टर्नला कोणता मणी कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. आणि मजकूर बदलला की कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात तारीख लिहा. क्यूबच्या डब्यात जुनी प्रत राहून गेली, तर ड्राफ्टमध्ये नेमकी तीच कुणाच्या तरी हातात येते.